साधी गाठ, वाईट गाठ

बाई,

माझ्या डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. तुझीही डावीकडचीच होती. तुला जाऊन तीस वर्षं उलटून गेली आणि एवढ्या वर्षांनी लिहायला बसले ती ही बातमी घेऊन, म्हणून आधीच सांगते, घाबरू नकोस. गाठ काढून झाली आहे, मी चंद्रपूरला घरी आले आहे, मागच्या खोलीत खिडकीपाशी उशीला टेकून लिहिते आहे. स्वयंपाकघरात हे वरणाला फोडणी देताहेत. मोहरी करपल्याचा वास इथवर आला आहे, पण मी काही बोलणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा पळी हातात धरली आहे, त्याला आत्ताच नावं ठेवली तर तो ती परत ठेवून देईल.

शाळेतली मुलं तुला बाई म्हणायची, त्यांचं ऐकून मीही घरात बाईच म्हणायला लागले आणि ते कायमचं राहिलं. कॉन्व्हेंटमध्ये सगळ्या मुली आई, मम्मी म्हणायच्या. सुट्टीत चामोर्शीला आल्यावर मी एकदा तुला मम्मी म्हणून पाहिलं होतं. तू भाकरी थापत होतीस. मागे वळून न बघताच म्हणालीस, "कोनाले बोलावून राह्यली वं? इथी तर मीच हावो." त्यानंतर बाईच.

गाठ सापडली ती योगायोगाने. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं म्हणून सोनोग्राफीला गेले. पित्ताशयात खडे निघाले, ते दुखणं त्यांचंच होतं. सोनोग्राफी करणारी डॉक्टर मुलगी बडबडी होती, तिच्या सासूचेही खडे कसे काढले ते सांगत होती. डावीकडे आल्यावर ती बोलायची थांबली. तीच जागा पुन्हा पुन्हा बघायला लागली, मला कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला. इथे दुखतं का म्हणून विचारलं. नाही म्हटलं. लघवीतून कधी रक्त गेलं का? नाही. वजन कमी झालं का? मी हसले, कारण माझं वजन कमी होण्यासारखं माझ्या घरात काही घडत नाही. मग तिने विचारलं, घरात कुणाला किडनीचं काही होतं का. मी म्हटलं, माझ्या आईला होतं. त्या मुलीने माझ्या पोटावरचं ते थंडगार जेल स्वतःच्या हाताने, नीट, अगदी सावकाश पुसून काढलं. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

तुला आठवतं, मी आठवीत असताना वसतिगृहात तापाने फणफणले होते. गॅदरिंगमध्ये मला देवदूत केलं होतं, पाठीला पुठ्ठ्याचे पंख होते, म्हणून मी ताप लपवला आणि शेवटी रंगमंचावरच खाली बसले. सिस्टरांनी निरोप पाठवला आणि तू दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आलीस. माझ्या कपाळावर हात ठेवलास, तो हात तसाच ठेवून मला रागावलीस. "दुखते ते सांगा लागते. तोंड कायले देल्लं तुले?" शाळेतही तुझं हेच होतं. कुणाच्या पायात काटा असो की पोटात दुखत असो, पोर सांगत नाही म्हटलं की तू धडा बाजूला ठेवायचीस. माझे वडील, दादा, तिकडे भामरागडला जंगलखात्यात, पावसाळ्यात रस्ते बंद झाले की महिना महिना त्यांचा पत्ता नसायचा. घरी तू एकटी आणि वर्गात साठ पोरं. दुखलं तर सांगायचं, या एका नियमावर तू आम्हा सगळ्यांना सांभाळलंस. आणि तू स्वतःही तो कधी मोडला नाहीस. दाढ दुखली तर साऱ्या गल्लीला माहीत असायचं.

तुझं दुखलंच नाही, बाई. तिथेच सगळं चुकलं.

होळीच्या आधी तू पोरांना पळसाची फुलं आणायला लावायचीस. शाळेच्या व्हरांड्यात पाणी भरायच्या मोठ्या पितळी गुंडात ती भिजायची, पाणी केशरी व्हायचं आणि त्याच रंगाने पोरं खेळायची. उरलेली फुलं तू जुन्या लुगड्यावर पसरून छपरावर वाळवायचीस. मग चैत्र-वैशाखात, चंद्रपूरकडचं ऊन म्हणजे काय ते तुला मी काय सांगू, उन्हाळी लागली, लघवीला आग व्हायला लागली की तीच फुलं रात्री भिजत घालायची आणि सकाळी खडीसाखर घालून ते पाणी प्यायचं. आपल्याकडे सगळेच पितात. तुझ्या आजाराच्या वर्षी मी माझ्या वर्षभराच्या मुलीला घेऊन माहेरी आले होते. तू स्वयंपाकघरात तिला मांडीवर घेऊन मऊ भात भरवते आहेस आणि हसत हसत मला सांगते आहेस की तुझी लघवी चार दिवस लाल होतेय. मी विचारलं, दुखतं का, आग होते का. तू म्हणालीस, "काईच दुखत नाई. फुलाचा रंग हाय तो. माझी रंगपंचमी अजून सुरूच हाय म्हन." आपण दोघी हसलो. पोरगीही हसली, तिला काय कळतंय. मी निघताना तू मलाही वाळलेल्या फुलांची एक पिशवी बांधून दिलीस, पोरीला घामोळं आलं तर आंघोळीच्या पाण्यात टाकायला.

नंतर ते आपोआप थांबलं. तू फुलांचं पाणी बंद केलंस आणि ते थांबलं, त्यामुळे तो फुलाचाच रंग होता याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही. श्रावणात परत लाल दिसलं, तेव्हा तुला वाटलं उन्हाळी अंगात मुरली आहे, आणि तू डब्यातली फुलं काढून पुन्हा भिजवलीस. आता तू रोज ते केशरी पाणी पीत होतीस, मग लाल काय आणि कशाचं, ते कुणी ओळखावं? थंडीत संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, तर तो मलेरिया धरला गेला. आपल्या जिल्ह्यात ताप म्हटला की आधी बोटातून रक्त घेतात, त्यात काही निघालं नाही तरी गोळ्या देतात. तू गोळ्या घेतल्यास. लुगडं सैल व्हायला लागलं. संक्रांतीला मी आले आणि तुझी पाठ चोळून देताना डाव्या कुशीत माझ्या बोटांना काहीतरी कडक लागलं. मी हात तिथेच ठेवला. तू विचारलंस, काय झालं. मी म्हटलं, आपण नागपूरला जाऊ. तुझं उत्तर मला अजून ऐकू येतं. "मले तर काई दुखून नाई राह्यलं. डॉक्टरले जाऊन सांगू काय?"

नागपूरला तपासण्या झाल्या. रिपोर्ट इंग्रजीत. दवाखान्याच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली बाकावर आपण बसलो होतो, आणि तू रिपोर्ट माझ्या हातात देऊन म्हणालीस, वाच, एवढी फी भरून तुले कॉन्व्हेंटात काय उगाच शिकवलं. मी वाचला. तू विचारलंस, "साधी का वाईट?" मी म्हटलं, वाईट. छातीतही गेली आहे, असंही सांगितलं. तू रिपोर्ट माझ्याकडून परत घेतलास, घडी घालून पिशवीत ठेवलास. मग मला म्हणालीस, बरं केलं सांगितलं. आणि मग, वर्गात एखाद्या पोराला विचारावं तशी, "पन मले हे सांग, गाठ ते गाठ. साधी कोनची न् वाईट कोनची, हे ओयखतेत कसे? वाईट म्हनजे करते काय ते?" मला सांगता आलं नाही. मी इंग्रजीतून एम.ए. केलेलं होतं, पण मला ते शब्द वाचता येत होते एवढंच. ते डॉक्टरांना विचारेन म्हटलं, पण त्यानंतरचे दिवस दुसऱ्याच कामांत गेले आणि तुझा प्रश्न तसाच राहिला.

आता मला येतं, बाई. नागपूरच्या डॉक्टरांनी मला समजावून दिलं, तरुण आहेत, पण तुझ्यासारखे शिकवतात. कागदावर वालाच्या दाण्यासारखं मूत्रपिंड काढलं आणि म्हणाले, काकू, यात जे जे वाढतं ते सगळं एक नसतं. कधी नुसती पाण्याची पिशवी असते. वयाप्रमाणे केस पिकतात तशा या पिशव्या होतात, पुष्कळांना असतात, बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, आणि भिंत पातळ, आत निव्वळ पाणी असेल तर तिला हातही लावायचा नाही. कधी चरबीची गाठ असते. ती साधी, पण मोठी झाली तर तिच्यातून आत रक्त वाहू शकतं, म्हणून लक्ष ठेवायचं. चरबी स्कॅनमध्ये ओळखू येते, त्यामुळे तिथे अंदाज बरोबर येतो. उरते ती भरीव गाठ. शिरेतून औषध सोडून फोटो काढला की ती ते औषध पिते आणि उजळते. मूत्रपिंडातल्या अशा भरीव गाठी बहुतांश कॅन्सरच्याच निघतात. पण सगळ्या नाही. त्यात एक साधी जात अशी आहे की फोटोत ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, चांगल्या चांगल्यांना फरक करता येत नाही.

आणि वाईट म्हणजे करते काय, तर तेही विचारलं मी, तुझ्या शब्दांत. साधी गाठ आपल्या जागेवर वाढते. जागा अडवते, शेजाऱ्याला दाबते, कधी त्रासही देते, पण जिथे आहे तिथेच राहते. कॅन्सरची आपली हद्द ओलांडते, रक्ताच्या शिरेत शिरते आणि त्या वाटेने छातीत जाते, हाडांत जाते. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, म्हणजे एक घरात बसून भांडते न् दुसरी गावभर हिंडून लोकाईचे घर बिघडवते. मी हे तिथेच डॉक्टरांना तुझ्या बोलीत सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मी आता पेशंटना असंच सांगणार. दुखण्याचंही विचारलं. मूत्रपिंड खोल, पाठीशी असतं, तिथे गाठ वाढायला भरपूर जागा असते, म्हणून पुष्कळ दिवस काहीच दुखत नाही. न दुखता लाल लघवी होणं हीच तिची हाक असते, आणि ती हाकही येते आणि थांबते. थांबली म्हणजे बरं झालं असं नाही. मी पळसाच्या पाण्याचं सांगितलं. फुलाचा रंग एवढा उतरतो का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, फुलाचा असो की बीटाचा, लाल दिसलं की एकदा तपासून घ्यायचं, मग हवं तर फुलाला दोष द्यायचा. तुझ्यावर ते मुळीच रागावले नाहीत. त्या काळी त्या भागात सोनोग्राफीचं यंत्र तरी कुठे होतं, एवढंच म्हणाले.

माझी गाठ भरीव होती, कागदी लिंबाएवढी, आणि फोटोत उजळलेली. आईची कोणत्या बाजूला होती म्हणून त्यांनी विचारलं. डाव्या, म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, बाजूला काही अर्थ नसतो, आणि हा आजार बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. थोड्या घरांमध्ये येतो, म्हणून मुलीला पुण्याला कळवून ठेवा. पण मला त्या वेळी बाजूलाच अर्थ वाटत होता. माझ्या पायाचं दुसरं बोट तुझ्यासारखं अंगठ्यापेक्षा लांब आहे, माझे केस तुझ्यासारखे कपाळापासून विरळ झाले, आणि आता हे. मनातल्या मनात मी ठरवूनच टाकलं होतं की हे तुझ्याकडून आलं आहे.

हे नागभीडचे, तुला माहीतच आहे, यांना गोष्ट सरळ लागते. यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, साधी असन तर मंग कापाची कायले?" डॉक्टर म्हणाले, काका, ती साधी आहे हे कापल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे. सुई घालून तुकडा काढता येतो, पण नेमक्या या जातीत तो तुकडाही कधी कधी गोंधळात टाकतो. लहान गाठ असेल, माणूस फार म्हातारं असेल, तर आम्ही नुसती वाट बघतो, सहा महिन्यांनी परत फोटो काढतो. काकूंची तब्येत चांगली आहे, गाठ एका टोकाला आहे, दुर्बिणीने तेवढीच काढून बाकीचं मूत्रपिंड वाचवता येईल. ठरवा तुम्ही.

हे वाट बघायच्या बाजूचे होते. परतीच्या वाटेवर म्हणाले की सहा महिने काही फार नसतात. त्यांना भीती वाटत होती, मला भूल देतील याची. मी त्यांना सांगितलं की तुम्ही म्हणता ते शहाणपणाचंच आहे, पण मी वाट बघणाऱ्या घरातली आहे. चैत्रापासून संक्रांतीपर्यंत आम्ही वाट बघितली होती, हसत हसत, आणि मला आता सहा महिने रोज सकाळी तेच करायचं नाही. यांनी मग वाद घातला नाही. टेमुर्ड्याला गाडी थांबवून चहा घेतला आणि माझ्या चहात दोन चमचे साखर घातली, एरवी डायबिटीसच्या भीतीने एकही घालू देत नाहीत.

ऑपरेशन झालं. पोटाला चार बारीक भोकं आणि एक चीर. रिपोर्ट यायला आठवडा लागेल म्हणाले. त्या आठवड्यात मी तुझ्याशी जेवढी बोलले तेवढी तू गेल्यापासून बोलले नसेन. मुलगी पुण्याहून आली होती. तिला वाटायचं मी झोपले आहे. मी डोळे मिटून चामोर्शीच्या स्वयंपाकघरात तुझ्याशेजारी पाटावर बसलेली असायची. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, त्यामुळे कधी कधी तूच माझी धाकटी बहीण वाटायचीस. वाईट निघाली तर काय करायचं, हे मी तुला विचारायची. तू सांगायचीस ते नेहमी खाण्याचंच असायचं. अंबाडीची भाजी कर, ज्वारीच्या कण्या घालून. मला भीती वाटत होती, फार वाटत होती, मुलगी बाहेर गेली की मी रडायचीही. पण त्या भीतीत मी एकटी नव्हते. आपण दोघी त्या लिंबाखालच्या बाकावर बसलो होतो, आणि या वेळी रिपोर्ट माझा होता.

आठव्या दिवशी डॉक्टर खोलीत आले ते दारातूनच हसत. साधी निघाली. ती फोटोत फसवणारी जात, तीच. ऑन्कोसायटोमा म्हणतात. पूर्ण निघाली आहे, औषध नाही, काही नाही, अधूनमधून एक सोनोग्राफी तेवढी करत जा. यांना मी माझ्या सासऱ्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं; ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि खिशात रुमाल शोधत राहिले, तो त्यांच्या हातातच होता. मुलीने मला मिठी मारली आणि टाक्यांवर जोर आल्यावर घाबरून सोडली. मग सगळ्यांना एकदम भूक लागली. हे खाली जाऊन तर्री-पोहे घेऊन आले. मला मनाई होती, तरी मी त्यातले दोन घास खाल्ले. आता घरी आहे, जखम भरते आहे, पोळ्या करायला एक मावशी येतात आणि वरण यांच्याकडे आहे. आनंदात आहे, बाई. हे खरं आहे, त्याच्यावर विश्वास ठेव.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? आणि इथे कुणाला वाचायला देणार नाही. यांनी दोनदा डोकावून विचारलं, एवढं काय लिहून राह्यली. मी म्हटलं, वाणसामान. वाचायला दिलं तर पुढची एक ओळ त्यांना लागेल, आणि त्यांनी फार सोसलं आहे या महिन्यात.

डॉक्टर त्या दिवशी दारातून आत आले तेव्हा त्यांचे शब्द होते, "काकू, तुमच्या आईंसारखं काही नाही." मी विचारलं, नक्की ना? सगळे हसले. त्यांना वाटलं, आनंदाने मला खरं वाटत नाही. तसं नव्हतं. तुझ्यासारखं नाही म्हटल्यावर मला क्षणभर वाईट वाटलं होतं.